नाशिक ते दिल्ली विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं किती वाजता

नाशिक ते दिल्ली हवाई अंतर शोधायला गेलात की एका ठिकाणी ९९३ दिसतं, दुसरीकडे १,०१९, तिसरीकडे ६१७ आणि कुठेतरी ५३६. गंमत म्हणजे चारही आकडे बरोबर आहेत. वेळेचंही तसंच. तिकिटावर जवळपास दोन तास लिहिलेले असतात, विमानात बसल्यावर पायलट दीड तास सांगतो, आणि गंगापूर रोडच्या घरातून निघून नवी दिल्ली स्टेशनात पाय ठेवेपर्यंत सहा तास होतात. पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्याची गाडी इथेच घसरते. तो दोन तासांचा हिशेब धरून दिल्लीतली कामं ठरवतो.

खाली उदाहरण नाशिक-दिल्लीचं घेतलं आहे, पण रीत कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

१. अंतर कुठून कुठपर्यंत, हे आधी ठरवा

नाशिक शहराच्या मध्यापासून दिल्ली शहराच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत मोजलं तर साधारण १,०१९ किलोमीटर भरतात. पण विमान काही रविवार कारंजावरून उडत नाही. ते उडतं ओझरहून. विमानतळ शहराच्या ईशान्येला, म्हणजे दिल्लीच्याच दिशेला आहे. आणि दिल्लीचं विमानतळ शहराच्या नैऋत्येला, म्हणजे आपल्या बाजूला. दोन्हीकडून अंतर कमी होतं आणि विमानतळ ते विमानतळ ९९३ किलोमीटर उरतात.

उरलेले दोन आकडे एककाचे आहेत. ६१७ हे मैल. ५३६ हे नॉटिकल मैल, जे वैमानिक वापरतात; एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. परदेशी संकेतस्थळांवर नुसतं 'मैल' लिहिलेलं असलं तर कुठला मैल ते बघा. ५३६ ला साधा मैल समजून १.६ ने गुणलंत की सव्वाशेहून जास्त किलोमीटर गायब होतात.

शोधताना शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. ओझरचा आयएसके, दिल्लीचा डीईएल, मुंबईचा बीओएम, शिर्डीचा एसएजी. नाशिक रोडजवळ गांधीनगरला लष्कराची धावपट्टी आहे; नकाशावर बोट ठेवताना चुकून ती निवडली जाते. प्रवासी विमानं तिथून सुटत नाहीत.

२. अंतर स्वतः काढून बघा

सोपा मार्ग गुगल मॅप्सचा. संगणकावर ओझर विमानतळावर उजवं क्लिक करा, 'अंतर मोजा' निवडा, मग दिल्ली विमानतळावर क्लिक करा. मोबाइलवर बोट दाबून ठेवून पिन टाकली की खालच्या यादीत हाच पर्याय मिळतो. 'दिशानिर्देश' दाबू नका, तो रस्त्याचं अंतर देतो: आग्रा रोडने धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत दिल्ली साधारण साडेबाराशे किलोमीटर पडते, आणि रेल्वेने साडेतेराशेच्या आसपास.

कागदावरही जमतं. लागतात फक्त दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश.

ओझर: २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व. दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व.

अक्षांशांतला फरक ८.४५ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून ९३८ किलोमीटर उत्तरेकडे. रेखांशांतला फरक ३.१९ अंश, पण इथे सरळ १११ ने गुणायचं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने तो आकडा कमी करावा लागतो. मधला अक्षांश २४.३, त्याचा कोसाइन ०.९१. ३.१९ × १११ × ०.९१ = ३२२ किलोमीटर पूर्वेकडे. आता शाळेतला पायथागोरस: ९३८ चा वर्ग अधिक ३२२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ९९२. संगणकाच्या उत्तरापेक्षा एकच किलोमीटर कमी.

कोसाइन पाठ नसेल तर एवढं लक्षात ठेवा: १५ अंशांवर ०.९७, २० वर ०.९४, २५ वर ०.९१, ३० वर ०.८७. भारतातल्या भारतात ही रीत चोख चालते. लंडन-न्यूयॉर्कसारख्या लांब पल्ल्याला मात्र ती वापरू नका. तिथे पृथ्वीचा गोलावा एवढा मोठा होतो की पायथागोरसचं उत्तर फार चुकतं.

याच पद्धतीने ओझरपासूनची आणखी काही अंतरं, विमानतळ ते विमानतळ, किलोमीटरमध्ये:

- इंदूर ३४९
- अहमदाबाद ३५५
- नागपूर ५४५
- हैदराबाद ५७३
- बंगळूर ८६९

३. अंतरावरून वेळ काढताना विमान कोणतं ते बघा

नवखा माणूस अंतराला वेगाने भागतो. ९९३ भागिले ८३० म्हणजे एक तास बारा मिनिटं. मग तिकिटावर एक तास पंचावन्न मिनिटं का?

कारण ताशी ८३० किलोमीटरचा वेग फक्त मधल्या टप्प्यात असतो. चढताना आणि उतरताना विमान बरंच हळू असतं. दिल्लीला उतरायच्या आधी ते शंभर-दोनशे किलोमीटर दूर असतानाच खाली यायला लागतं. शिवाय ते सरळ रेषेत जातच नाही. ठरलेल्या हवाई मार्गांवरून, ठरलेल्या बिंदूंवरून वळत जातं. प्रत्यक्ष कापलेलं अंतर सरळ रेषेपेक्षा साधारण पाच ते दहा टक्के जास्त निघतं. त्यात दोन्ही विमानतळांवर विमानाचा जमिनीवरून चालण्याचा वेळ मिळवा.

म्हणून हा ठोकताळा वापरा:

- जेट (एअरबस ए३२०, बोइंग ७३७): अंतर भागिले ८००, अधिक ३५ मिनिटं.
- पंख्याचं विमान (एटीआर ७२): अंतर भागिले ४८०, अधिक २५ मिनिटं.

दिल्लीला जेटने: ७५ अधिक ३५, म्हणजे एक तास पन्नास मिनिटं. वेळापत्रकात यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्तच दिसतील. दिल्लीची गर्दी धरून कंपन्या थोडी सैल वेळ ठेवतात. अहमदाबादला एटीआरने: ४४ अधिक २५, म्हणजे एक तास दहा मिनिटं. अंतर दिल्लीच्या जवळपास एक तृतीयांश, वेळ मात्र निम्म्याहून जास्त, ती यामुळे.

विमानाचा प्रकार तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात दिलेला असतो. एटीआर असेल तर एक गोष्ट अजून: डोक्यावरचे कप्पे लहान असतात. ए३२० मध्ये आरामात बसणारी चाकांची बॅग तिथे अडते आणि विमानाच्या पायऱ्यांपाशी काढून घेतली जाते. मग उतरल्यावर तिच्यासाठी थांबणं आलं.

४. तिकिटावरची वेळ नीट वाचा

तिकिटावर सुटण्याची वेळ छापलेली असते ती विमान जागेवरून हलण्याची, आणि पोहोचण्याची वेळ ते जागेवर येऊन थांबण्याची. या दोहोंमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. पायलट घोषणेत सांगतो तो फक्त हवेतला वेळ. त्यामुळे विमान दहा मिनिटं उशिरा सुटलं तरी वेळेवर पोहोचू शकतं, आणि वेळेवर उतरूनही दार उघडायला वीस मिनिटं लागू शकतात. ओझरला धावपट्टीपर्यंत जायला फार वेळ जात नाही. दिल्लीला मात्र चार धावपट्ट्या आहेत. कुठल्या धावपट्टीवर उतरलात आणि कुठल्या टर्मिनलला जायचंय यावर जमिनीवरचीच पंधरा-वीस मिनिटं ठरतात.

वाऱ्याबद्दल बरंच ऐकायला मिळतं. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो, त्यामुळे पूर्वेकडे जाताना वेळ वाचतो आणि पश्चिमेकडे येताना जास्त लागतो. हे खरं, पण आपला मार्ग जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. ओझरहून दिल्लीची दिशा उत्तरेपासून पूर्वेला जेमतेम १९ अंश कललेली. त्या कोनात पश्चिमेच्या वाऱ्याचा एक तृतीयांशच जोर पाठीवर मिळतो. जाता-येताना पाच-सात मिनिटांचा फरक, त्यापलीकडे वाऱ्याला दोष देऊ नका. मुंबई-कोलकाता असतं तर गोष्ट वेगळी.

दिल्लीचा खरा वैरी धुकं आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत पहाटे ते सकाळी दहापर्यंत उड्डाणं मागेपुढे होतात, आणि तुमचं विमान संध्याकाळचं असलं तरी तेच विमान सकाळी दिल्लीला अडकलेलं असू शकतं. त्या दीड महिन्यात दिल्लीला उतरल्यावर तीन तासांच्या आत दुसरी गाडी किंवा विमान धरू नका.

खरोखर किती वेळ लागतो हे बघायचं तर फ्लाइटरडार२४ वर उड्डाणाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांची प्रत्यक्ष सुटण्या-पोहोचण्याची वेळ दिसते. वेळापत्रकापेक्षा हा पुरावा भरवशाचा.

५. थेट विमान की मध्ये थांबा?

ओझरच्या सेवा बदलत राहतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा पालटतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. एप्रिलचं तिकीट फेब्रुवारीच्या वेळा बघून गृहीत धरलंत की फसलात. थेट विमान रोज आहे की ठरावीक वारी, तेही तपासा.

थेट नसेल तेव्हा तिकिटांची ॲप्स थांब्याचे पर्याय दाखवतात. अहमदाबादमार्गे अंतर ३५५ अधिक ७५७, म्हणजे १,११२. थेटपेक्षा बाराच टक्के जास्त. हैदराबादमार्गे ५७३ अधिक १,२६७, म्हणजे १,८४०. जवळजवळ दुप्पट, कारण आधी उलट दिशेला जाऊन मग परत फिरायचं. तरी ॲप कधीकधी हैदराबादचा पर्याय वर दाखवतं, कारण तिथला थांबा कमी तासांचा असतो. एकूण वेळ बघा, किलोमीटर बघू नका.

सापळा इथे आहे: दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्तात पडतात म्हणून तशी काढू नका. एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असतील तर पहिलं लेट झाल्यावर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगळी तिकिटं असतील तर दुसरं विमान चुकलं ते तुमचं चुकलं, आणि मधल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं ते वेगळंच.

६. ओझर, मुंबई, शिर्डी की राजधानी एक्स्प्रेस?

मुंबई-दिल्ली हवाई अंतर १,१३८ किलोमीटर, म्हणजे ओझरपेक्षा फक्त १४५ ने जास्त. हवेतला फरक दहा-बारा मिनिटांचा. सगळा खेळ जमिनीवरचा आहे.

नाशिकहून मुंबईच्या विमानतळापर्यंत १६५-१७० किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसाऱ्याचा घाट टाळता येतो. पण समृद्धी भिवंडीजवळ संपते, आणि वेळ जातो तो त्याच्या पुढे, ठाण्यापर्यंत. तिथे अर्धा तास लागेल की दीड, हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. म्हणून चार तास प्रवासाचे आणि एक तास राखीव धरा. मुंबईचा पर्याय घ्यायचा तो उड्डाणं भरपूर आणि वेळ आपल्या सोयीची म्हणून. भाडं कमी दिसलं तर त्यात टॅक्सीचे पैसे मिळवून मग ठरवा.

शिर्डीचं विमानतळ काकडीला, नाशिकहून सिन्नरमार्गे नव्वद-शंभर किलोमीटर. ओझरला जागा नसेल तर हा दुसरा पर्याय आधी बघा.

आणि रेल्वे? मुंबईहून नाशिक रोडमार्गे हजरत निजामुद्दीनला जाणारी राजधानी संध्याकाळी निघून सकाळी दहाच्या सुमारास पोहोचवते, सुमारे पंधरा तास. दिल्लीत दुपारी काम असेल तर रात्रभर झोपून जाणं विमानापेक्षा शहाणपणाचं ठरतं; आदल्या रात्रीचं हॉटेल वाचतं.

७. उलटी मोजणी करा

समजा ओझरहून विमान संध्याकाळी ५:३० ला आहे. मागे मोजत या.

- ५:०५ बोर्डिंगचं दार बंद. बहुतेक कंपन्या २५ मिनिटं आधी बंद करतात.
- ४:३० चेक-इन आणि बॅग घेणं बंद. देशांतर्गत उड्डाणाला ६० मिनिटं आधी. एक मिनिट उशीर झाला तरी बॅग घेत नाहीत, हुज्जत घालून उपयोग नसतो.
- ४:०० तुम्ही टर्मिनलच्या दारात.
- २:४५ गंगापूर रोड किंवा सिडकोतून निघालात.

शहरापासून विमानतळ वीस किलोमीटरच्या आसपास, मग सव्वा तास कशाला? नाशिकमधला द्वारका चौक. तो चौक रिकामा मिळाला तर पस्तीस-चाळीस मिनिटांत पोहोचाल, पण त्या भरवशावर विमान पकडायचं नसतं. आडगाव नाक्यानंतर रस्ता मोकळा होतो, तरी द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडचे ट्रॅक्टर आणि ट्रक असतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचाही नेम नाही. नाशिक रोड, देवळालीकडून येणाऱ्यांनी आणखी पंधरा मिनिटं धरावीत.

पुढची बाजू: ७:२५ ला दिल्लीत विमान थांबलं. बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत आठ. टर्मिनल तीनवरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीस-पंचवीस मिनिटांत नवी दिल्लीला नेते. चालणं आणि गाडीची वाट धरून ८:४०. टर्मिनल एकला उतरलात तर मेट्रोची लाइन वेगळी, मजेंटा. तिकिटावर टर्मिनल बघूनच न्यायला येणाऱ्याला कळवा, कारण दोन्ही टर्मिनलांमध्ये पायी जाता येत नाही.

८. जवळ काय ठेवायचं

- मूळ ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. डिजिलॉकरमधलं चालतं, व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही.
- तिकिटावरचं नाव ओळखपत्रासारखंच. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी जुळवा.
- दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला.
- वेब चेक-इन केलेला बोर्डिंग पास, मोबाइलवर आणि शक्यतो कागदावरही.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात आणि वीस मिनिटं जातात.

दिल्लीच्या नातेवाइकांना चिवडा खुशाल न्या. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, नीट बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा; त्यातल्या तेलामुळे खोबरं ज्वलनशील धरलं जातं आणि तपासणीत काढून घेतलं जातं. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे, त्यामुळे धावपट्टीकडचे फोटो काढायचा मोह आवरा.

९. उशीर झाला तर हक्क ब्लॉक टाइमवर ठरतो

हे फार थोड्यांना माहीत असतं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. नाशिक-दिल्ली त्यातच बसतं. काउंटरवर जाऊन मागा.

पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केलं आणि पर्यायी सोयही केली नाही, तर भरपाई अशी: एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांवर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी ते. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. तिकिटाचा पूर्ण परतावा किंवा दुसरं उड्डाण मात्र तेव्हाही मागता येतं. उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज पुसू नका, आणि तिकीट काढताना मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. एजंटाचा नंबर दिला असेल तर सूचना त्याला मिळते आणि तुम्ही ओझरला पोहोचल्यावर कळतं.

१०. परदेशाला जाताना घड्याळाचा फरक

भारतभर वेळ एकच, म्हणून इथवर वजाबाकी सरळ होती. परदेशी तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबई-दुबई १,९२५ किलोमीटर. सकाळी १० ला सुटलेलं विमान सव्वातीन तासांनी उतरलं तर तिकिटावर ११:४५ दिसेल, कारण दुबई आपल्यामागे दीड तास. परत येताना हाच दीड तास मिळवायचा. वजाबाकी करून 'पावणेदोन तासांत दुबई' असं घरी सांगू नका.

परतीच्या दिवशी ओझरला रात्री उतरणार असाल तर गाडी आधीच सांगून ठेवा. मुंबईसारखी टॅक्सीची रांग बाहेर उभी नसते, आणि ॲपवरची गाडी शहरातून यायची म्हटली की अर्धा-पाऊण तास तिथेच जातो.